गव्हाचे शेत आणि कावळे : एका चित्राचे निरूपण



कीर्तनाला अभंग घ्यावा तसे आज एक चित्र सेवेला घेतले आहे. वारकऱ्यांच्या मासिकात परमुलुखातल्या चित्राचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला एवढेच सांगतो, की हे चित्र काढणारा माणूस चित्रकार होण्याआधी देवाच्या नावाने चार लोकांपुढे उभा राहून बोलत असे, आणि चर्चमध्ये त्याने पहिल्यांदा जे प्रवचन केले त्याचा विषय यात्रेकरू हा होता. त्या प्रवचनाकडे पुढे येतोच. आधी चित्र.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग, मूळचा नेदरलँड्सचा. चित्राला 'गव्हाचे शेत आणि कावळे' म्हणतात. १८९० च्या जुलै महिन्यात फ्रान्समधल्या ऑव्हेर या खेड्यात त्याने ते काढले. आज ते ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. उंची ५०.५ सेंटिमीटर आणि रुंदी १०३, म्हणजे दोन चौरंग शेजारी शेजारी मांडावेत तसा आकार. ही रुंदी ध्यानात ठेवावी. मी पाहिलेल्या एका कॅलेंडरवर छापणाऱ्याने जागा पुरेना म्हणून दोन्ही कडा कापल्या होत्या. चरण गाळून अभंग म्हणावा तसे ते झाले. त्या कडांना काय आहे ते आता पाहू.

खाली पिकलेला गहू आहे, पिवळाधमक, वाऱ्याने उलटसुलट झालेला. वर आभाळ गडद निळे, वरच्या कडेला जवळजवळ काळे, आणि त्यात दोन फिकट भोवरे. शेतात तीन वाटा दिसतात. एक डाव्या कडेला निघून जाते, एक उजव्या कडेला, आणि मधली गव्हात शिरते, वळण घेते आणि दिसेनाशी होते. माती तांबूस, वाटांच्या कडेने हिरवे गवत. गव्हावरून कावळ्यांचा थवा उठलेला आहे. एकेक कावळा म्हणजे कुंचल्याचे दोन काळे फटकारे, याहून जास्त नाही. माणूस एकही नाही. झोपडी नाही, बैल नाही, विहीर नाही.

आता पूर्वपक्ष. या चित्राचा जगभर रूढ झालेला अर्थ असा : काळे आभाळ ही मृत्यूची छाया, कावळे हे मृत्यूचे दूत, मधली वाट गव्हात संपते म्हणजे जगण्याची वाट खुंटली. याला आधार काय? तर हे त्याचे शेवटचे चित्र. २७ जुलैला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलैला तो गेला. वय अवघे ३७. पुढे १९५६ साली 'लस्ट फॉर लाइफ' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात कावळ्यांचे हे चित्र रंगवता रंगवताच त्याचा अंत ओढवल्याचे दाखवले, आणि लोकांच्या मनात चित्र आणि मरण यांची गाठ पक्की बसली.

या पूर्वपक्षाची पहिली अडचण म्हणजे त्याचा आधारच लटका आहे. हे शेवटचे चित्र नाही. यानंतरही तो चित्रे काढत होता. त्याचा भाऊ थिओ, त्याच्या मेहुण्याने लिहून ठेवले आहे की गोळी झाडून घेण्याच्या दिवशी सकाळी व्हिन्सेंट झाडाझुडपांचे एक चित्र रंगवत होता. अभ्यासक ते चित्र 'झाडांची मुळे' हे धरतात, आणि ते अपुरे राहिले आहे. मुळे म्हटली की आपल्यापैकी कुणाला गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ लगेच आठवेल. आठवू द्यावा, पण तो त्या चित्रावर लादू नये. ती एका उतारावरची साधी मुळे आहेत.

दुसरी अडचण पद्धतीची आहे. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कशाने ठरवावे, यासाठी मीमांसकांनी सहा खुणा सांगितल्या. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लहानपणी गुरुजींनी त्या पाठ करून घेतल्या तेव्हा कंटाळा यायचा; पुढे पन्नास वर्षे अभंग सोडवताना त्याच कामी आल्या. या सहांत ग्रंथकाराचे मरण कुठेही नाही. उपसंहार पाहायचा तो ग्रंथाचा, ग्रंथ लिहिणाऱ्याचा नाही. चित्र पाहताना आपण नेमकी हीच गल्लत करतो. माणूस कसा मेला ते आधी ऐकतो आणि मग ते आभाळात शोधतो. सापडतेच, कारण आपणच नेऊन ठेवलेले असते.

मग प्रमाण कोणते घ्यावे? सुदैवाने त्याची पत्रे आहेत. १० जुलैच्या सुमारास त्याने थिओला आणि थिओच्या पत्नीला एक पत्र लिहिले. त्याच्या थोडे आधी तो पॅरिसला त्यांच्याकडे जाऊन आला होता, आणि तिथली ओढाताण पाहून मन खट्टू झाले होते. आपण भावावर ओझे झालो आहोत, ही भीती त्या पत्रात आहे. तो लिहितो की मी मोठी चित्रे काढली आहेत, खवळलेल्या आभाळाखालची गव्हाची अफाट शेते. त्यांत दुःख आणि पराकोटीचा एकटेपणा मुद्दाम उतरवायचा प्रयत्न केला आहे. अभ्यासक या पत्राशी जी चित्रे जोडतात त्यांत आपले हे कावळ्यांचे चित्र येते. इथपर्यंत पूर्वपक्षवाले खूश होतात आणि पोथी मिटतात. पण पत्र तिथे संपत नाही. लगेच पुढे तो म्हणतो की जे मला शब्दांत सांगता येत नाही ते ही चित्रे तुम्हाला सांगतील, ते म्हणजे या खेड्यापाड्यांच्या प्रदेशात माणसाला निरोगी करणारे, बळ देणारे असे मला जे दिसते ते.

एकाच पत्रात, जवळजवळ एकाच दमात, दुःख आणि बळ. लोक पहिला चरण म्हणतात आणि दुसरा गाळतात. कॅलेंडरवाल्याने कडा कापल्या, हे मधला मजकूर कापतात.

दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. मनाच्या आजाराने त्याला वारंवार गाठले होते, आदल्या वर्षी तो आपण होऊन सें-रेमी इथल्या रुग्णालयात राहिला होता, हातात पैसा नव्हता. हे सारे खरे आहे. प्रश्न एवढाच की चित्रात ते एकटे आहे का.

आता चित्राकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहा. आपल्या मुलखातल्या माणसाला इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. आभाळ आषाढातले आहे आणि रान फाल्गुनातले. आपल्याकडे गहू रब्बीचा. माघ-फाल्गुनात तो पिवळा होतो तेव्हा आभाळ निरभ्र असते. आषाढात आभाळ भरते तेव्हा रान नांगरलेले, नुकते पेरलेले असते आणि आपण वाटेवर असतो. त्यामुळे काळा ढग आपल्याला दुःखाचा वाटतच नाही. त्याच्या रंगात आपल्याला विठ्ठल दिसतो. पण फ्रान्सच्या त्या भागात गहू कापणीला येतो तोच जुलैमध्ये. उभ्या पिकल्या गव्हावर काळे आभाळ म्हणजे काय, हे ज्याने अवकाळीत गव्हाचे रान आडवे झालेले पाहिले आहे त्याला सांगायला नको. पोटात गोळा येतो. वर्षाचे अन्न समोर उभे आहे आणि वरून काय येईल याचा भरवसा नाही. मला वाटते चित्राचा पहिला भाव हा आहे. त्यात मरण आधीच ठरून गेलेले नाही, धाकधूक आहे. आणि धाकधूक तिथेच असते जिथे वाचवण्यासारखे काही उभे असते.

मीमांसकांची 'अभ्यास' ही खूण इथे लावून पाहा. ग्रंथात जे पुन्हा पुन्हा येते ते महत्त्वाचे. या चित्रात पुन्हा पुन्हा काय येते? पिवळा. कावळे मोजता येतात, ढगाचे भोवरे दोनच आहेत, पण गव्हाचे फटकारे मोजता येत नाहीत. ते सगळे हलते आहेत. वाऱ्याने रान वाकले आहे, झोपलेले मात्र नाही.

आणि गहू म्हणजे काय, हेही त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. सें-रेमीच्या खोलीच्या खिडकीतून त्याला भिंतीने वेढलेले गव्हाचे शेत दिसे. तिथे त्याने गहू कापणाऱ्या माणसाचे चित्र काढले, आणि १८८९ च्या सप्टेंबरात भावाला लिहिले की या कापणाऱ्यात मला मृत्यू दिसतो, आणि गहू म्हणजे आपण माणसे. पण या मरणात दुःखाचे काही नाही. ते भर दिवसा चालले आहे आणि सूर्याने सगळ्यावर सोने ओतले आहे. मळणी, रास, खळे यांच्या उपमांवर ज्यांचे कान तयार झाले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. ऑव्हेरच्या चित्रात मात्र कापणारा नाही आणि सूर्यही नाही. नुसता गहू आहे, अजून उभा.

आता मधली वाट. ती संपते, असे म्हणणाऱ्याने पिकातून चालून पाहिलेले नाही. उभ्या पिकातून जाणारी पाऊलवाट वळणावर दिसेनाशी होतेच, कारण पीक छातीएवढे असते. वाट असते, डोळा पोचत नाही. चालणारा तिथे थांबत नाही.

इथे त्याच्या प्रवचनाची आठवण करायची. १८७६ च्या ऑक्टोबरात, तेवीस वर्षांचा असताना, इंग्लंडमधल्या रिचमंड इथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये तो उभा राहिला. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे घरची परंपरा होती. आपण पृथ्वीवर परके आहोत, अशा आशयाचे बायबलमधल्या स्तोत्राचे वचन त्याने घेतले आणि आयुष्य ही यात्रा आहे असे निरूपण केले. आणि दृष्टान्त कशाचा दिला? एका निसर्गचित्राचा. संध्याकाळचा माळ, दूर डोंगर, डोंगरमाथ्यावर मावळत्या उन्हात चमकणारे नगर, तिकडे जाणारी वाट, आणि काठी टेकत चाललेला दमलेला वाटसरू. वाटेत त्याला काळ्या कपड्यातली एक स्त्री भेटते. तो तिला विचारतो, वाट अशीच चढाची आहे का? ती म्हणते, शेवटपर्यंत. तरी तो पुढे निघतो, दुःखी आणि तरीही आनंदी. दुःखात असूनही सदा आनंदी, हे सेंट पॉलचे पद त्याच्या फार आवडीचे होते. चौदा वर्षांनी लिहिलेल्या पत्रातले दुःख आणि बळ त्या प्रवचनात असे आधीच शेजारी बसलेले दिसतात. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दिवे घाटाचा चढ डोळ्यांपुढे आला, आणि हा गडी आपल्या दिंडीत खपून गेला असता असे वाटून गेले.

प्रवचनकार म्हणून तो टिकला नाही. बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या भागात उपदेशक म्हणून गेला, स्वतःचे कपडे खाणकामगारांना वाटून टाकले, गवतावर निजू लागला. वरिष्ठांना ते शोभेसे वाटले नाही आणि १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालवली गेली नाही. मग तो चित्राकडे वळला आणि उरलेली दहा वर्षे चित्रेच काढली. पण प्रवचन सुटले असे मला वाटत नाही. सुटली ती नावे. १८८८ मध्ये त्याने बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूचे चित्र दोनदा काढायला घेतले आणि दोन्ही वेळा खरवडून टाकले. त्याच्या चित्रकार मित्रांनी बायबलमधले प्रसंग रंगवले तेव्हा त्याने नापसंती कळवली. तीच व्याकुळता नुसत्या ऑलिव्हच्या झाडांतून दाखवता येते, असे त्याचे म्हणणे होते. देवाचे चित्र काढायचे नाही, देवापुढचा भाव रानातून दाखवायचा. सावतोबांचा मळा आठवतो. तिथेही पंढरीची वाट मळ्याबाहेर गेली नाही.

म्हणून या चित्रात माणूस नाही हे मला उणेपणाचे वाटत नाही. चित्राच्या खालच्या कडेला जिथे तिन्ही वाटा आपल्याकडे येऊन मिळतात तिथे पाहणारा उभा आहे. तीन वाटा त्याच्या पायापाशी आहेत. कडा कापल्या की हे कळत नाही. एकच वाट उरते आणि तीही बंद वाटते.

राहिले कावळे, ज्यांच्यासाठी हे चित्र मी हाती घेतले. जिथे पीक तिथे कावळा, हा शेताचा नेहमीचा प्रकार. त्याच वर्षी जानेवारीत त्याने मिले या वडीलधाऱ्या फ्रेंच चित्रकाराचे हिवाळी शेताचे चित्र आपल्या रंगांत पुन्हा रंगवले होते. त्या बर्फाळ रानावरही कावळे आहेत. तेव्हा कावळे काही जुलैतल्या मरणाचा निरोप घेऊन पहिल्यांदा आले नव्हते.

आपल्याकडे कावळ्याला दोन कामे आहेत. तो पिंडाला शिवतो, आणि तो पाहुण्याची वर्दी देतो. एकाच पक्ष्याच्या चोचीत मरण आणि आगमन दोन्ही. माउलींच्या कावळ्याच्या विराणीत विरहिणी त्याला शकुन विचारते, त्याचे पाय सोन्याने मढवायचे कबूल करते, दहीभात देऊ करते, आणि पंढरीचा राणा कधी घरी येईल एवढेच त्याच्याकडून ऐकू इच्छिते. ही विराणी टाळ-मृदंगात गाताना श्रोते डोलतात, पण एक गोष्ट निसटते. ती विचारते तेव्हा तो अजून आलेला नसतो. घर रिकामे आहे, अंगण रिकामे आहे, समोर फक्त कावळा आहे. एकटेपणा तिथेही पराकोटीचा आहे. त्याला आपण निराशा म्हणत नाही, विरह म्हणतो, कारण त्यात कुणीतरी येणारा आहे.

व्हॅन गॉगच्या मनात पंढरी नव्हती आणि विराणीही नव्हती. त्याच्या कावळ्यांना आपल्या शकुनाचे कावळे करून टाकणे हीदेखील जबरदस्तीच. आपल्याकडे हल्ली काही व्याख्याते परदेशी माणसाची दोन वाक्ये ऐकून त्याला थेट संतांच्या पंक्तीला बसवतात. मला ते पटत नाही. त्याचा देव त्याच्या वडिलांचा होता, त्याच्या शंका त्याच्या होत्या, आणि त्याचा शेवट त्याच्या दुखण्याने झाला. मी विराणी आणली ती एवढ्यासाठीच, की पराकोटीचा एकटेपणा आणि बळ एकाच घासात कसे मावते हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. आपल्या कानांना ते ओळखीचे आहे. त्या कानांनी हे चित्र पाहिले तर अर्धे चित्र झाकले जाणार नाही.

आणि हे चित्रापुरतेच असते तर मी इतका वेळ घेतलाच नसता. काही वर्षांपूर्वी एका तरुण शेतकऱ्याच्या तेराव्याला कीर्तनाला गेलो होतो. गाव सांगत नाही. त्याने स्वतःच जीव दिला होता. मंडपात कुजबुज चालली होती, की तो पहिल्यापासूनच तसा. बोलायचा नाही, एकटाच बांधावर बसायचा, डोळ्यांतच दिसायचे. कीर्तनाआधी त्याच्या आईने मला आत बोलावले. म्हणाली, "महाराज, पोळ्याला बैलांची शिंगं त्यानंच रंगवली. पुतणीला लिंबाला झोका बांधून दिला. ते बी सांगा की." मी सांगितले. ऐकताना मंडप गप्प झाला. पहिल्यापासूनच तसा, असे एकदा म्हटले की मग गावाला कुणाला काही विचारायचे उरत नाही. देणेकऱ्याला विचारायला नको, भावकीला नको, आणि बांधावर एकट्या बसलेल्या माणसाशेजारी आपण कधी जाऊन बसलो का, हे स्वतःलाही नको. शेवटच्या दिवसाचा काळा रंग मागच्या सगळ्या दिवसांवर ओढला की पाहणारा मोकळा होतो. त्या आईला ते मंजूर नव्हते.

चित्रातले कावळे आपल्याकडे येत आहेत की दूर चालले आहेत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी पुष्कळ वेळ पाहिले. डावीकडचे काही लहान होत गेल्यासारखे वाटतात, म्हणून जात असावेत असे वाटते. मग उजवीकडचा एखादा मोठा फटकारा दिसतो आणि मत बदलते. चित्रकाराला ते स्पष्ट करायचे असते तर तेवढा हात त्याच्यापाशी होता. त्याने ते तसेच ठेवले आहे आणि मीही ते सोडवू पाहत नाही.

ऑव्हेरच्या कब्रस्तानात भिंतीलगत त्याची कबर आहे. शेजारी थिओची. थिओ भावामागून सहा महिन्यांनी, १८९१ च्या जानेवारीत गेला. त्याच्या पत्नीने, जोहानाने, १९१४ मध्ये त्याचे अवशेष नेदरलँड्समधून आणून इथे भावाशेजारी ठेवले. व्हिन्सेंटची पत्रे जपली आणि छापली तीही तिनेच. ती नसती तर पत्रातला तो दुसरा चरण आज आपल्याला वाचायला मिळाला नसता. दोन्ही कबरींवर एकच वेल पसरली आहे. गाव थोडे खाली आहे, कब्रस्तान वर माळावर, आणि भिंतीबाहेर गव्हाची शेते आहेत.